भीती वाटते, म्हणजे श्रद्धा कमी पडते?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मध्यंतरी एका गुरुवारी आरती झाल्यावर आम्ही चार-पाचजणी प्रसादाच्या वाट्या भरत होतो. आपल्याकडे नव्यानेच येऊ लागलेली एक मुलगी मदतीला होती. (कोण ते शोधू नका, तिला विचारूनच लिहिते आहे.) वाट्या भरता भरता तिने हळूच विचारलं, "काकू, मी रोज नाम घेते, पोथी वाचते, तरी मला रात्री भीती वाटते. म्हणजे माझी श्रद्धा कमी पडते का हो?"

आम्हाला सगळ्यांनाच उत्तर द्यायची घाई! एक म्हणाली, "गुरुमाउली पाठीशी असताना कसली गं भीती?" दुसरी म्हणाली, "मन लावून वाच, आपोआप जाईल." मीसुद्धा मान डोलावली. ती "हो काकू" म्हणाली आणि ट्रे उचलून बाहेर गेली. पण तिचा चेहरा काही मोकळा झाला नव्हता. आली तेव्हा तिच्या डोक्यावर भीतीचं एकच ओझं होतं. जाताना आम्ही त्यावर दुसरं ठेवलं, भीती वाटते याच्या लाजेचं.

रात्री मला झोप येईना. कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते मी तिला दिलं नव्हतं. ते आज इथे लिहिते. स्वतःबद्दल असं लिहायला संकोच वाटतो. पण आपल्या ग्रुपमध्ये कितीतरी आया-बहिणी आहेत, म्हणून लिहिलंच पाहिजे असं वाटलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण चालू होता. अंघोळ करताना छातीत डाव्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ. दुखत नव्हती, पण होती. मी हात काढून घेतला, जणू हात काढला की गाठही जाईल.

त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलीला नाही. देवासमोर बसले आणि रामरक्षा म्हटली. एरवी मी रोज एकदा म्हणते, त्या दिवसापासून अकरा वेळा म्हणायला लागले. मनाशी ठरवलं, महाराज आहेत ना, ते बघतील. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे महाराजांवर अविश्वास दाखवणं, असंसुद्धा स्वतःला पटवून दिलं. आणि कारणांना काय तोटा! आता गौरी-गणपती येताहेत, ते होऊ दे. मग नवरात्र, घट बसलेत, आता कसं जाणार? मग दिवाळीचा फराळ. प्रत्येक सण मला सवलत देत होता.

मंडळात बायका म्हणायच्या, "काकूंची साधना बघा, पहाटे चारला उठतात." ती स्तुती कानाला गोड लागायची आणि घशात अडकायची. कारण मी चारला साधनेसाठी उठत नव्हते. मला झोपच लागत नव्हती.

ज्यांना रामरक्षा पाठ आहे त्यांना ठाऊक आहे की ते एक कवच आहे. डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या स्वाधीन करायचा. म्हणता म्हणता मी हृदयाच्या जागी आले की माझी जीभ भरभर पळायला लागायची. तेवढी ओळ कशीतरी उरकून मी पुढे निघायचे. जिथे रक्षण हवं होतं तिथेच मी थांबत नव्हते! हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले.

कार्तिकात एका पहाटे तीच ओळ उरकताना मला एकदम जुना प्रसंग आठवला. खूप वर्षांपूर्वी आम्ही महाराजांच्या दर्शनाला गेलो होतो. रांगेत आमच्या पुढे एक तरुण बाप होता, खांद्यावर मूल. पाया पडून म्हणाला, "महाराज, पोर तापलंय, अंगारा द्या."

महाराजांनी विचारलं, "ताप किती आहे? मोजलास का?"

तो गप्प. मग म्हणाला, "नाही मोजला. जास्त निघाला तर, म्हणून भीती वाटते."

महाराज म्हणाले, "न मोजल्याने ताप उतरतो का रे?"

त्यांनी आतून थर्मामीटर मागवला, समोर ताप मोजायला लावला. मग मुलाच्या कपाळाला अंगारा लावला आणि एका सेवेकऱ्याला सांगितलं, यांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे घेऊन जा. त्या बापाला तेव्हा लोक हसले होते. मीही हसले होते.

आणि आता माझ्या देवघरात, समईसमोर, तोच प्रश्न मला विचारला जात होता. मोजलंस का?

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चार महिने मी जिला श्रद्धा म्हणत होते ती श्रद्धा नव्हतीच. ती भीतीच होती. फक्त तिने सोवळं नेसलं होतं.

त्या रात्री ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "चार महिने?" त्या दोन शब्दांत राग नव्हता. चाळीस-बेचाळीस वर्षं शेजारी राहणाऱ्या माणसाला मी एवढ्या मोठ्या गोष्टीत परकं केलं, याचं दुःख होतं. गाठीपेक्षा ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. तपासणी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, मग सुईची तपासणी. रिपोर्ट येईपर्यंत तीन दिवस. गाठ साधी निघाली, आत पाणी साठलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशा बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण कुठली आहे आणि कुठली नाही, हे नुसत्या हाताने कळत नाही, तपासावंच लागतं. चार महिने वाट बघायची नसते." मी मान खाली घातली.

इथे गोष्ट संपवली तर तुम्ही म्हणाल, बघा, महाराजांनी वाचवलं. पण त्याच सुमारास आपल्या मंडळातल्या एका ताईंनाही गाठ लागली होती. त्यांनी आठवड्याच्या आत तपासणी केली आणि त्यांची गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले, परत आले. आज त्या आपल्यासोबत आरतीला उभ्या असतात. मी त्यांना एकदा विचारलं, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटली?" त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, स्ट्रेचरवर हातपाय लटलट कापत होते. पण जायचं तर होतंच. नाम घेत घेत गेले. भीती पण सोबत आली, नाम पण सोबत आलं."

आता सांगा, दोघींत श्रद्धा कुणाची? चार महिने अकरा-अकरा रामरक्षा म्हणणाऱ्या माझी, की कापत कापत स्ट्रेचरवर चढलेल्या ताईंची?

वेदान्तातला दोरी आणि सापाचा दृष्टान्त आपण प्रवचनात कितीदा ऐकतो. अंधारात दोरी पडलेली असते, माणसाला साप वाटतो, तो घाबरतो. दिवा आणला की कळतं, अरे, ही तर दोरी! ऐकून आपण समाधानाने मान डोलावतो. जणू शिकवण एवढीच, की घाबरू नका, दोरीच असणार. पण संसारात कधीकधी खरंच साप निघतो ना! माझी दोरी निघाली, ताईंचा साप निघाला. मग तो दृष्टान्त खोटा का? मला वाटतं आपण त्यातली मुख्य वस्तूच विसरतो. मुख्य वस्तू दोरी नाही आणि सापही नाही. मुख्य आहे दिवा. दोरी असेल तर दिव्याने भीती जाते. साप असेल तर दिव्याने जीव वाचतो. काही झालं तरी दिवा लागतोच. अंधारातच डोळे मिटून बसायचं आणि त्याला श्रद्धा म्हणायचं, हे मात्र कुठल्याच शास्त्रात सांगितलेलं नाही.

भीती वाटणं हा कमीपणाही नाही. पतंजलींनी योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. अभिनिवेश म्हणजे जगण्याला धरून राहणं, मरणाची भीती. आणि ते स्पष्ट म्हणतात की ही जाणत्या माणसांतही असते. मग तुम्ही-आम्ही कोण? गीतेचा पहिला अध्याय घ्या. अर्जुनाचं तोंड कोरडं पडतं, अंग थरथरतं, हातातून गांडीव निसटतं, त्वचेची आग होते. आजचे डॉक्टर घाबरलेल्या शरीराचं वर्णन जवळजवळ असंच करतात. धोका दिसला की मेंदू शरीराला इशारा देतो, अॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, श्वास वरचेवर होतो, तोंडाला कोरड पडते. ही शरीराची पहारेदारी आहे. पहारेकरी ओरडला म्हणून त्याला रागवायचं नाही, पण त्याच्या ओरडण्यावर घरही सोडायचं नाही. उठून बघायचं, कोण आलंय.

आणि अर्जुनाने काय केलं बघा. तो लपला नाही. जे होत होतं ते त्याने श्रीकृष्णाला अवयवासकट सांगितलं. त्याने सांगितलं म्हणून तर पुढचे सतरा अध्याय आपल्याला मिळाले! तो "मला काही नाही झालं, तू रथ हाक" म्हणाला असता तर?

याच गीतेत सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती सांगताना पहिला गुण कोणता ठेवलाय? अभय. दान, अहिंसा, सत्य हे सगळे त्यानंतर येतात. मला पूर्वी वाटायचं, सत्य पहिलं का नाही? आता माझ्याच अनुभवावरून कळतं. मी चार महिने घरात खोटं वागले, ते काही मला खोटं आवडतं म्हणून नव्हे. भीती होती म्हणून. भ्यालेल्या माणसाला खरं बोलता येत नाही, मोकळ्या हाताने देता येत नाही, नीट प्रेमही करता येत नाही.

रमण महर्षींची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. १८९६ साल, मदुराई, काकांचं घर. सोळा वर्षांचा मुलगा, काही आजार नाही, आणि एकदम मरणाच्या भीतीने घेरलं. त्या मुलाने कुणाला हाक मारली नाही की पळाला नाही. जमिनीवर प्रेतासारखा ताठ आडवा पडला, तोंड मिटलं, श्वास धरला, आणि बघायला लागला की हे शरीर मेलं तर मीही मरतो का? त्याच भीतीच्या पोटातून त्यांना आत्मज्ञान मिळालं. पुढे शेवटच्या काळात त्यांच्या डाव्या हाताला गाठ आली, ती कॅन्सरची निघाली. मरणाची भीती लहानपणीच संपलेली, पण म्हणून त्यांनी डॉक्टरांना हाकलून दिलं नाही. शस्त्रक्रिया झाल्या, त्यांनी होऊ दिल्या. १४ एप्रिल १९५० रोजी त्यांनी देह ठेवला. ज्याला खरंच भय नसतं त्याला तपासणीचंही भय नसतं, असा अर्थ मी माझ्यापुरता घेतला.

आणि आपण तर इंदूरकर! आपल्या अहिल्यामातेला कोणती भीती खरी झाली नाही? १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती गेले, १७६६ मध्ये आधार असलेले सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. एकेक साप खराच निघाला. त्यानंतर त्यांनी १७९५ पर्यंत राज्य सांभाळलं. हुकुमावर शंकराचं नाव घालायच्या, पण हुकूम स्वतः काढायच्या. शिवपूजा सोडली नाही आणि कामकाजही सोडलं नाही. नाव देवाचं आणि हात आपले, हीच तर श्रद्धा.

माझी भीती श्रद्धेचं रूप घेऊन आली होती. ती आणखी कोणकोणती रूपं घेते ते आता मी बघत असते. सगळ्यात लाडकं रूप म्हणजे काळजी. मुलगी रात्री उशिरा पोचणार असली की माझे आठ-दहा फोन. मला वाटायचं हे प्रेम आहे. एकदा ती म्हणाली, "आई, तुझा फोन आला की मलाच भीती वाटायला लागते." म्हणजे माझी भीती मी तिच्या पदरात टाकून मोकळी होत होते. लहान मुलांना जेववताना "नाही खाल्लंस तर बुवा येईल" म्हणतो, तीही हीच देवघेव. आणि मोबाईलवर येणारे ते मेसेज, "अकरा जणांना पाठवा, नाहीतर अशुभ घडेल"? देवाच्या फोटोखाली लिहिलेले असले तरी ते देवाचे नाहीत. जो अभय देतो तो धमकी कशाला देईल? कृपा करून आपल्या परिवाराच्या कुठल्याही ग्रुपवर असे मेसेज पुढे ढकलू नका. भीतीची साखळी आपल्यापाशी तुटली तर तीही सेवाच आहे.

मग भीती आली की करायचं काय? मी जे करते ते सांगते.

🌼 पहिलं, शरीराकडे बघायचं. पोटात गोळा आलाय, की छाती धडधडतेय, की हात गार पडलेत? मग श्वास हळू आत आणि त्याहून हळू बाहेर. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची धडधड मंदावते. नाम किंवा स्तोत्र सावकाश म्हटल्यानेही श्वास लांबतो. म्हणून घाबरल्यावर नाम भरभर घेऊ नका, सावकाश घ्या. जिथे जीभ पळते तिथे थांबा.

🌼 दुसरं, भीतीला पूर्ण वाक्यात सांगायचं. नुसतं "टेन्शन आलंय" नाही. "मला भीती वाटते की..." असं सुरू करून वाक्य पूर्ण करायचं, वहीत लिहायचं. अर्धवट वाक्यातली भीती फार मोठी दिसते.

🌼 तिसरं, एका माणसाला सांगायचं. देवाला सांगतोच, पण एका माणसालाही.

🌼 चौथं, मोजायचं आणि आज होण्यासारखं एक काम करायचं. तपासणीची वेळ घेणं, बँकेचा कागद उघडून वाचणं, ज्याच्याशी बोलणं टाळतोय त्याला फोन करणं. उरलेलं सगळं गुरुचरणी. पण हे एक काम आपलं.

🌼 आणि भीती आठवडेच्या आठवडे झोपू देत नसेल, कारण नसताना छाती भरून येत असेल, तर मनाच्या डॉक्टरांकडे जावं. यात लाज कसली? सरकारची टेली-मानस नावाची मोफत फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. महाराजांनी त्या पोराला अंगारा लावला आणि डॉक्टरांकडेही पाठवलं, हे विसरू नका.

माझी भीती संपली असं मी म्हणणार नाही. आजही अंघोळ करताना महिन्यातून एकदा हाताने तपासते तेव्हा पोटात खड्डा पडतो. पण हात काढून घेत नाही.

आता त्या मुलीबद्दल. झोप न लागलेल्या त्या रात्री मला आणखी एक गोष्ट उमगली. आम्ही चार-पाचजणींनी तिला किती उत्तरं दिली! पण एकीनेही विचारलं नाही की बाई गं, तुला भीती कसली वाटते? ताप न मोजताच आम्ही अंगारे वाटत सुटलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला आणि तेवढंच विचारलं. ती आधी काही बोलली नाही. मग तासभर बोलली. काय बोलली ते तिचं आणि माझं. तिची भीती काही उगाच नव्हती. त्यावर करण्यासारखं काम होतं, आणि ते एकटीने होणारं नव्हतं. आता ती एकटी नाही. फोन ठेवताना मी तिला माझं उशिरा सुचलेलं उत्तर दिलं: "बाळा, तुझी श्रद्धा कमी नाही. भीती वाटत असूनही तू तोंड उघडलंस ना, तीच श्रद्धा."

या आठवड्याची साधना म्हणून प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका माणसाला, मग ती सून असो, सासूबाई असोत, मुलगा असो की घरधनी, शांत बसून एवढंच विचारावं, "तुला कसली भीती वाटते?" आणि उत्तर ऐकून लगेच उपाय सांगू नये. आधी पूर्ण ऐकावं.

आणि ज्या बहिणींनी माझ्यासारखा हात काढून घेतला असेल, त्यांनी सण संपायची वाट बघू नये. उद्याच जावं. सोबत कुणी नसेल तर मला फोन करा, मी येईन.

गुरुमाउली सर्वांना अभय देवो. लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते माझं, चांगलं असेल ते त्यांचं.

जय गुरुदेव 🙏

– आपल्या मंडळातली एक सेविका, इंदूर